कन्याकुमारीहून सायकलवर

दोस्तांनो, बजाजनगरहून पैठणला सायकलनं गेलंय का कुणी? पन्नासेक किलोमीटर. घरी परतल्यावर पाय बोलायला लागतात! आता असं रोज, तीन महिन्यांहून जास्त करायचं म्हटलं तर?

२४ डिसेंबर १९८५ ला कन्याकुमारीहून शंभरावर तरुण-तरुणी असेच निघाले. बाबा आमटे यांचं 'भारत जोडो' अभियान. दोनच दिवसांनी बाबांना ७१ वर्षं पूर्ण होणार होती. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसवत नसे, म्हणून ते गाडीत आडवे पडून सोबत होते. एप्रिल १९८६ पर्यंत काश्मीरच्या दिशेनं पाच हजारांवर किलोमीटर झाले. करा भागाकार!

दक्षिणेत फिरायचं तर महिना आधी ठरवा. तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस, मार्चपासून ऊन. मधले दोन महिने बरे. पहाटे निघायचं, अकराच्या आत सावली गाठायची.

एखाद्या संस्थेसाठी मदत जमवणार असाल, तर खरी अडचण वेगळीच. ओळखीचे लोक किलोमीटरमागे रुपया देतील. पण तोच रुपया तुमच्या इडली-डोशात गेला तर? म्हणून आईबाबा, प्रवासखर्च आधी घरून काढा. मदतीची वही वेगळी, पावती प्रत्येकाला. संस्थेलाही आधी विचारा, पैसे हवेत की वस्तू.

सामान थोडंच: पाना, पंप, जादा ट्यूब, सोल्युशन, घासकागद. आणि पंक्चर काढणं अंगणातच शिकून घ्या. माझं पहिलं पंक्चर काढेपर्यंत रस्त्यातच अंधार पडला होता.