कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संभाषण-मंचांवरील नियमभंग आणि तक्रारीचा मार्ग : पाथर्डी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' सर्वसामान्यांसाठी खुले झाले आणि यंत्राशी मनुष्यासारखे बोलण्याची सोय अल्पावधीत खेड्यापाड्यांतील भ्रमणध्वनीपर्यंत येऊन पोहोचली. पाथर्डी तालुकाही यास अपवाद नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हा अवर्षणप्रवण तालुका मढीचे कानिफनाथ व मोहट्याची देवी यांमुळे जसा परिचित आहे, तसाच ऊसतोडणीसाठी होणाऱ्या स्थलांतरामुळेही आहे. दिवाळीनंतर आईवडील कारखान्यांच्या फडांवर जातात, मुले आजी-आजोबांजवळ राहतात आणि घरातील एकमेव स्मार्टफोन बहुधा मुलांच्याच हाती असतो. अशा घरातील मुलीचे छायाचित्र कोणी चॅटबॉटकडून विकृत करून घेतले, तर तिने काय करावयाचे, कोणास सांगावयाचे आणि सांगितलेले ऐकले कोण जाणार, हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. चॅटबॉटच्या मंचावर नियमभंग करणाऱ्या वापरकर्त्याविरुद्ध तक्रार करणे म्हणजे नेमके काय, ती तक्रार कोणत्या वाटेने जाते आणि कोठे अडते, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

साक्षीदार नसलेले संभाषण

समाजमाध्यमावरील मजकूर चारचौघांपुढे मांडलेला असतो. तो पाहणारा कोणीही त्यावर हरकत नोंदवू शकतो. चॅटबॉटशी होणारे संभाषण मात्र मूलतः एकान्तातील असते. एका बाजूस वापरकर्ता, दुसऱ्या बाजूस यंत्र. तिसरा माणूस तेथे नसतो. परिणामी ज्याच्याविरुद्ध तक्रार व्हावयाची तोच त्या प्रसंगाचा एकमेव मानवी साक्षीदार ठरतो. पडद्यावर उत्तराखाली दिसणारे नापसंतीचे चिन्ह वापरकर्त्यास यंत्राविरुद्ध तक्रार करू देते. वापरकर्त्याविरुद्ध तक्रार करण्याची सोय त्यात नसते. हा भेद अनेकांच्या ध्यानात येत नाही.

दुसऱ्या वापरकर्त्याविरुद्ध तक्रार शक्य होते ती संभाषण एकान्तातून बाहेर पडले तरच. कोणी आक्षेपार्ह स्वभावाचे 'पात्र' तयार करून इतरांसाठी खुले केले, संभाषणाचा दुवा प्रसृत केला किंवा यंत्राने केलेले चित्र गावातील व्हॉट्सॲप समूहात टाकले, म्हणजे मग तिसऱ्या व्यक्तीस हरकतीचा आधार मिळतो. मात्र शेवटच्या प्रसंगी तक्रार बहुधा चॅटबॉटच्या कंपनीकडे न जाता ज्या माध्यमावर चित्र पसरले त्या माध्यमाकडे जाते. चित्र कोणत्या यंत्राने केले हे पीडितेस कळण्याचा मार्ग क्वचितच असतो.

२०२५ च्या अखेरीस 'एक्स' या माध्यमावरील 'ग्रोक' या चॅटबॉटच्या बाबतीत जे घडले ते या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे चॅटबॉट समाजमाध्यमातच वावरत असल्याने एकान्ताचा पडदाच नव्हता. स्त्रियांच्या छायाचित्रांखाली वापरकर्ते उघडपणे यंत्रास त्यांची वस्त्रे उतरविण्यास सांगत आणि यंत्र चित्र तयार करून देत असे. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या खासदार प्रियांका चतुर्वेदी यांनी याविषयी केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहिले. २ जानेवारी २०२६ रोजी इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कंपनीस पत्र पाठवून ७२ तासांत कार्यवाहीचा अहवाल मागितला. सरकारी सूत्रांच्या हवाल्याने प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार कंपनीने सुमारे ३,५०० मजकूर रोखले व ६०० हून अधिक खाती काढून टाकली. येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. खाती गेली ती आज्ञा देणाऱ्यांची; आज्ञा पाळणारे यंत्र मात्र कंपनीचेच होते. नियमभंग करणारा वापरकर्ता शोधण्याच्या भरात नियमभंग घडवू देणाऱ्या साधनाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका या विषयात कायम असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मंच हाच तक्रारदार

एकान्तातील संभाषणाविषयी तक्रार करू शकणारा पक्ष उरतो तो म्हणजे स्वतः कंपनी. संशयास्पद संभाषणे स्वयंचलित चाळणीतून वेगळी काढली जातात आणि त्यांतील काही मानवी परीक्षकांपुढे जातात. मे २०२४ मध्ये, आपल्याकडे लोकसभेच्या निवडणुका चालू असताना, 'ओपनएआय' कंपनीने भारतातील निवडणुकीसंबंधी बनावट प्रतिक्रिया लिहून घेणारी काही खाती बंद केल्याचे जाहीर केले. ती इस्रायलमधील 'स्टॉइक' या कंपनीशी संबंधित असल्याचे तिने म्हटले होते. येथे कोणा नागरिकाने तक्रार केली नव्हती. मंचानेच शोध घेतला होता.

परंतु खाते बंद करणे आणि पोलिसांना कळविणे या दोन भिन्न कृती आहेत. फेब्रुवारी २०२६ मध्ये कॅनडातील टंबलर रिज या छोट्या गावी भीषण गोळीबार झाला. त्यानंतर उघड झाले, की संशयिताचे चॅटजीपीटी खाते हिंसेविषयीच्या संभाषणांमुळे जून २०२५ मध्येच बंद करण्यात आले होते. तथापि पोलिसांना कळविण्याइतका धोका निकटचा नाही, असे कंपनीने त्या वेळी ठरविले होते. कंपनीची चूक झाली असे आज म्हणणे सोपे आहे. पण प्रत्येक संतप्त वाक्य पोलिसांकडे पाठविले गेले, तर माणसे मनातील अंधार यंत्रापाशीही बोलणार नाहीत, हेही तितकेच खरे. ही रेषा कोठे आखावी याचा निर्णय आजघडीला प्रामुख्याने खाजगी कंपन्याच करीत आहेत.

आपल्या ग्रामव्यवस्थेत हे दायित्व नेमून दिलेले आहे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये गावातील गुन्ह्यांची व शांतताभंगाच्या शक्यतेची माहिती वर कळविणे हे पोलीस पाटलाचे कर्तव्य ठरते. त्याची नेमणूक शासन करते, गाव त्यास ओळखते आणि त्याने काय कळविले याबद्दल त्यास जाब विचारता येतो. संभाषण-मंचावरील परीक्षक निनावी असतो, मराठीचे बारकावे त्यास ठाऊक असतीलच असे नाही, आणि त्याच्या निर्णयाची कारणे वापरकर्त्यास क्वचितच कळतात. 'तुला जिवंत सोडणार नाही' हे वाक्य भावंडांच्या भांडणातले की खऱ्या धमकीतले, हे भाषेच्या बाहेर उभे राहून कसे ठरवावे?

एका क्षेत्रात मात्र साखळी पक्की आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाचे साहित्य आढळल्यास अमेरिकी कंपन्यांना तेथील कायद्यानुसार हरवलेल्या व शोषित बालकांसाठीच्या राष्ट्रीय केंद्रास कळवावे लागते. २०१९ मध्ये आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने या केंद्राशी करार केला. तेव्हापासून भारताशी संबंधित सूचना त्या विभागाकडे आणि तेथून राज्यांकडे येतात. महाराष्ट्र सायबर विभागाने २०२० मध्ये हाती घेतलेली 'ऑपरेशन ब्लॅकफेस' ही मोहीम याच विषयासंबंधीची होती. कॅलिफोर्नियातील चाळणीत अडकलेली नोंद अशा रीतीने जिल्ह्याच्या पोलीस ठाण्यापर्यंत येऊ शकते.

कायद्याची चौकट

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ नुसार मध्यस्थास इतरांच्या मजकुराबद्दल सशर्त संरक्षण मिळते. त्या शर्ती २०२१ च्या नियमांनी तपशीलवार ठरविल्या. प्रत्येक मध्यस्थाने तक्रार निवारण अधिकारी नेमावा आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी, असे बंधन आहे. मूळ नियमांत निकालासाठी १५ दिवसांची, तर नग्नता, लैंगिक कृती अथवा तोतयेगिरी दर्शविणाऱ्या मजकुरासाठी २४ तासांची मुदत होती. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने त्या अनुक्रमे सात दिवस व दोन तास अशा केल्या. यंत्रनिर्मित मजकुरावर तशी खूण असणेही तिने बंधनकारक केले. निर्णय मान्य नसल्यास तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाइन दाद मागता येते. चॅटबॉट हा कायद्याच्या दृष्टीने निव्वळ 'मध्यस्थ' आहे काय, हा मुद्दा मात्र वादग्रस्त आहे. कारण उत्तर इतरांचे नसून यंत्राने स्वतः रचलेले असते.

२०२२ च्या दुरुस्तीतील एक तरतूद आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. मंचाचे नियम वापरकर्त्यास इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील त्याच्या पसंतीच्या भाषेत कळविणे मध्यस्थांवर बंधनकारक झाले. मराठी त्या अनुसूचीत आहे. तेव्हा नियम मराठीत मागणे ही विनवणी नव्हे, तो हक्क होय.

हक्क असणे व तो बजावता येणे यांत अंतर असतेच. २९ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने गायिका आशा भोसले यांच्या बाजूने अंतरिम आदेश देऊन, कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांच्या आवाजाची नक्कल करण्यास प्रतिबंध केला. ख्यातनाम व्यक्तीस न्यायालयाचे दार ठोठावता येते. पाथर्डीतील विद्यार्थिनीच्या हाती असते ती तक्रारीची एक कळ आणि सुमारे पन्नास किलोमीटरवरील जिल्ह्याचे सायबर पोलीस ठाणे.

तक्रारीचे शस्त्र

तक्रार हे संरक्षणाचे साधन आहे तसे ते शस्त्रही होऊ शकते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्याबद्दल पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. त्यांपैकी एकीने ते मत केवळ पसंत केले होते. पुढे हे प्रकरण बंद झाले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले. कायद्याचे शस्त्र गेले तरी मंचावरील झुंडीची तक्रार शिल्लक आहे. शेकडो खात्यांवरून एकाच व्यक्तीविरुद्ध हरकती नोंदविल्या, म्हणजे चाळणी दचकते. चुगली आणि साक्ष यांतील फरक यंत्राला संख्येवरून कळत नाही. तो पुराव्यावरूनच ठरवावा लागतो.

पुराव्याचा प्रश्न

जालना मतदारसंघातून उद्भवलेला खटला या संदर्भात पाहण्यासारखा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला काय, हे चित्रफितींवरून ठरवावयाचे होते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणी १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ उपकरण सादर होत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट कायम असून, प्रमाणपत्राचा एक भाग पक्षकाराने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा आहे.

यावरून तक्रारदाराने काय करावे हे ओघानेच येते. मजकुराचा दुवा, खात्याचे नाव, दिनांक व वेळ यांसह पडद्याचे छायाचित्र घ्यावे. ज्या उपकरणावर ते घेतले ते जपून ठेवावे, कारण मूळ नोंद तेथेच असते. आज्ञा आणि उत्तर दोन्ही दिसत असतील तर दोन्ही टिपावीत. केवळ उत्तर पाहून दोष कोणाचा हे ठरत नाही. खात्री करून घेण्यासाठी तीच आज्ञा स्वतः यंत्रास देऊ नये, आणि आक्षेपार्ह चित्र 'हे बघा' म्हणून कोणास पुढे पाठवू नये. बालकाच्या बाबतीत तर तो स्वतंत्र गुन्हा होतो. मंचावरील मजकूर काढून टाकला जाण्यापूर्वी ही नोंद झालेली असावी, अन्यथा मंच तत्पर ठरतो आणि तपास रिकाम्या हाती राहतो.

त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया व बालकांसंबंधीची तक्रार नाव न देताही नोंदविता येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील तपास निरीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरील अधिकाऱ्याने करावयाचा असला, तरी फिर्याद नोंदविण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्याची सक्ती नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांच्या आत स्वाक्षरी करावी लागते. आईवडील साखर कारखान्याच्या तळावर असताना त्यांनी तेथील ठाण्यात दिलेली माहितीही म्हणून तितकीच ग्राह्य आहे.