दोन संगणक, एक सवय

आपल्या घरातले दिव्याचे बटण शोधण्यासाठी आपल्याला उजेड लागत नाही. हात आपोआप तिथे जातो. परंतु दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला गेलो, की तोच हात भिंतीवर चाचपडत राहतो. संगणकाच्या कीबोर्डचे नेमके असेच आहे. घरच्या संगणकावर दोन-तीन बटणे एकदम दाबून जे काम चटकन होते, तेच दुसऱ्या संगणकावर होत नाही, किंवा भलतेच काही होते. आणि मग माणूस स्वतःलाच दोष देऊ लागतो, की आता आपल्याला हे जमेनासे झाले.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. अर्थशास्त्राची एक प्रश्नपत्रिका मी निम्मी घरी आणि निम्मी महाविद्यालयात टंकलिखित केली. घरी उजवीकडचे ऑल्ट दाबून धरायचे आणि ४ चे बटण दाबायचे, की रुपयाचे ₹ हे चिन्ह उमटते. महाविद्यालयातही बोटांनी तेच केले. पडद्यावर मात्र काहीच उमटले नाही. माझे डोळे कागदावर होते. परिणाम असा झाला, की एका उदाहरणात डॉलर आणि रुपये शेजारी शेजारी असताना रुपयांचे आकडे बोडकेच छापले गेले. परीक्षा सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने वर्गात सूचना द्यावी लागली. तोवर एका मुलीने ते आकडे डॉलर समजून पानभर गणित सोडवले होते. ते तिने माझ्यासमोर खोडले. चूक तिची नव्हती, माझी होती.

मग मी कारण शोधायला बसलो. अशा शोधात एक पथ्य पाळावे: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वैद्य एकाच दिवशी चार औषधे बदलत नाही, कारण मग गुण कशाने आला ते कळत नाही.

पहिला संशय बटणावर. घरचा कीबोर्ड पिशवीत घालून नेला आणि महाविद्यालयातल्या संगणकाला जोडला. चिन्ह उमटेना. म्हणजे कीबोर्ड निर्दोष. दुसरा संशय वर्ड या कार्यक्रमावर. तो बंद करून साध्या नोटपॅडमध्ये तीच बटणे दाबली. तरीही नाही. म्हणजे वर्डही निर्दोष. आता उरले काय? बटण आणि कार्यक्रम यांच्यामध्ये जे बसलेले असते ते.

हे मधले प्रकरण समजून घेतले पाहिजे. कीबोर्डला अक्षरे ठाऊक नसतात. बटण दाबले, की तो फक्त त्या जागेचा क्रमांक संगणकाकडे धाडतो. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते, हे संगणकात ठेवलेला एक तक्ता ठरवतो. बटणावर काय छापले आहे याला इथे काडीची किंमत नाही. विंडोजमध्ये असे तक्ते पुष्कळ आहेत. ‘इंग्लिश इंडिया’ या तक्त्यात उजवे ऑल्ट हे अक्षरांचे आणखी एक फडताळ उघडते, आणि त्यात ४ च्या जागी ₹ ठेवलेले आहे. हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. तक्त्यात ते त्यानंतर आले. ‘यूएस’ तक्त्यात असे फडताळच नाही. तिथे उजवे ऑल्ट आणि डावे ऑल्ट सारखेच. महाविद्यालयातल्या संगणकावर हा अमेरिकन तक्ता चालू होता, इतकेच!

आपल्या संगणकावर कोणता तक्ता आहे हे पाहणे सोपे आहे. विंडोजचे बटण दाबून धरा आणि स्पेसबार दाबा. एक यादी दिसेल. तिच्यात वरच्या ओळीत भाषेचे आणि खालच्या ओळीत कीबोर्डचे नाव असते. खालची ओळ वाचा. भाषा भारताची आणि कीबोर्ड अमेरिकेचा, असेही असू शकते. हवा तो कीबोर्ड सेटिंग्जमध्ये, भाषेच्या पर्यायांत जाऊन जोडता येतो.

‘काल चालत होते, आज चालत नाही,’ अशीही तक्रार असते. तिचे कारण बहुधा हे, की संगणकात दोन तक्ते आहेत आणि डावे ऑल्ट व शिफ्ट चुकून एकदम दाबले गेल्याने तक्ता बदलला. नको असलेला तक्ता यादीतून काढून टाकावा, म्हणजे कटकट मिटते.

प्रत्येक वेळी दोष तक्त्याचाच असेल असे नाही. नोटपॅडमध्ये चालते पण वर्डमध्ये चालत नाही, असे झाले तर वर्डकडे पाहा. तिथे आपण स्वतः ठरवलेले शॉर्टकट सहसा त्याच संगणकातल्या नमुना-फाइलीत राहतात, आपल्याबरोबर दुसरीकडे येत नाहीत. एफ-१ ते एफ-१२ ही बटणे आवाज किंवा उजेड कमी-जास्त करू लागली, तर एफएन हे बटण जोडीला दाबून पाहा. आणि तक्ता तोच असून शॉर्टकट कुठेच चालत नसेल, तर मागे चालू असलेला एखादा कार्यक्रम तो मध्येच पळवत असेल. असे कार्यक्रम एकेक बंद करून पाहावेत.

मराठी टंकलेखनाच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी तर हे अवश्य ध्यानात ठेवावे. इंग्रजी एच छापलेल्या बटणावर इनस्क्रिप्ट तक्त्यात ‘प’ येतो, फोनेटिक तक्त्यात ‘ह’. परीक्षेत कोणता तक्ता आहे हे आधी विचारून त्यावरच सराव करा. नाहीतर महिन्यांची मेहनत पहिल्याच ओळीला अडखळेल.

मी आता परक्या संगणकावर बसलो, की कामाला लागण्यापूर्वी कोऱ्या पानावर एकदा ₹ उमटवून पाहतो. नाहीच उमटला, तर वर्डमध्ये दोन, शून्य, इंग्रजी बी, नऊ असे लागोपाठ लिहून ऑल्ट आणि एक्स दाबतो. चिन्ह हजर होते. या तपासणीला अर्धे मिनिटही लागत नाही. त्या मुलीचा अर्धा तास गेला होता.