भिंतीपलीकडचं मैदान : नागपूरचा 'झुंड'

अमेरिकेत 15 एप्रिल 1947 रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून बेसबॉलच्या मैदानात उतरला आणि गोऱ्यांपुरत्या राखलेल्या लीगचा दरवाजा उघडला. त्याच्यावरचा '42' हा चित्रपट 2013 साली आला. तिथे अडथळा उघड होता, तो मोडणारा खेळाडू एक होता, म्हणून कथेला नायकही सहज मिळाला.

आपल्याकडे भेद असा उघड्यावर येत नाही. पुण्यात बाळू पालवणकरांची फिरकी संघाला हवी असे, पण चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या चर्मकार गोलंदाजाला हिंदू संघाचं कर्णधारपद कधीच मिळालं नाही. ते 1923 साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आलं.

नागपुरात तर झोपडपट्टीतल्या पोरांना शिरायला लीगच नव्हती. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001च्या पावसाळ्यात काही मुलांना फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिलं आणि त्यांच्या हाती फुटबॉल दिला. पुढच्याच वर्षी त्यांनी भरवलेल्या 'झोपडपट्टी फुटबॉल' स्पर्धेत 128 संघ उतरले. त्यातूनच 'स्लम सॉकर' उभी राहिली. बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोहोचलेल्या या संस्थेला 2016 साली फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला.

बारसे यांच्या याच कामावर बेतलेला नागराज मंजुळे यांचा 'झुंड' 4 मार्च 2022 रोजी प्रदर्शित झाला. जाहिरातीत अमिताभ बच्चन होते, त्यामुळे प्रशिक्षकाचं चरित्र बघायला मिळेल अशीच सगळ्यांची समजूत. प्रत्यक्षात मंजुळे कॅमेरा पोरांकडे वळवतात. कॉलेजचं मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते. आंबेडकर जयंतीच्या प्रसंगात बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे उभे राहतात. दीक्षाभूमीच्या शहरात हा प्रसंग चित्रित होणं मला फार मोलाचं वाटतं, कारण हिंदी व्यावसायिक चित्रपटाने इतकी वर्षं ही प्रतिमा चौकटीबाहेरच ठेवली होती.

उत्तरार्ध रेंगाळतो, अशी तक्रार अनेकांनी केली. मला तोच भाग सगळ्यात खरा वाटला. संघ परदेशी निघायचा म्हटल्यावर सामने मागे पडतात आणि कागद पुढे येतात. रिंकू राजगुरूने साकारलेल्या आदिवासी मुलीचा बाप तिच्या पासपोर्टसाठी ओळखीचा पुरावा शोधत वणवण फिरतो. संघातल्या अंकुश या पोराच्या व्हिसाच्या आड पोलीस केस येते. गोल मारता येतो, पण आपण कोण हे सिद्ध करताना माणूस हरतो. आपल्याकडचा अडथळा नेमका हाच आहे. तो एकट्या गुणवान खेळाडूने मोडण्यासारखा नसल्यामुळे एकनायकी चरित्रपटाचा साचा इथे तोकडा पडतो.

तरीही एक उणीव आहेच. मोक्याच्या जागी बोलायचं काम शेवटी बच्चन यांच्याकडेच जातं. पोरांची बाजू पोरांच्याच तोंडून आली असती, तर चित्रपट आणखी पुढे गेला असता. त्यांच्यात ती ताकद होती. अंकुशची भूमिका करणारा नागपूरचाच अंकुश गेडाम फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट पदार्पणाचा पुरस्कार घेऊन गेला.