मिकीच्या दरबारी लेकरू नेताना

अमेरिकेत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात लेकराने तिसरे वर्ष ओलांडले, आणि त्याच सुमारास पुण्याहून वा नागपुराहून आजी-आजोबा लांबच्या मुक्कामाला येऊन दाखल झाले, की फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डची वारी करावी की न करावी, हा विषय घरात निघतोच. आणि तो निघाला म्हणजे जाऊन आलेल्यांचे सल्ले, न गेलेल्यांची ठाम मते आणि शेजारपाजारच्या ऐकीव हकिकती यांची अशी काही सरमिसळ होते की, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे त्या बालकाला तिथे नेमके काय मिळणार, हा मूळ मुद्दा बाजूलाच राहतो. हे सल्ले बहुधा सदिच्छेने दिलेले असतात. त्यांतले बरेचसे चुकीचेही असतात.

पहिला घोटाळा स्थळाचाच. डिस्नेलँड आणि डिस्ने वर्ल्ड ही एकाच ठिकाणाची दोन नावे नव्हेत. डिस्नेलँड कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी उघडले. डिस्ने वर्ल्ड हे त्यानंतर सोळा वर्षांनी, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, देशाच्या दुसऱ्या टोकाला ऑर्लँडो शहराजवळ सुरू झाले, आणि त्याची जहागीर सुमारे २५,००० एकरांची आहे. तीत मॅजिक किंगडम, एप्कॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम अशी चार स्वतंत्र उद्याने असून प्रत्येकाला एकेक दिवसही अपुरा पडतो. तेव्हा ‘शनिवारी डिस्ने उरकून रविवारी परतू’ ही भाषा नकाशा न पाहिलेल्या माणसाची समजावी. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी चारांपैकी एकटे मॅजिक किंगडम पुरेसे आहे, असे माझे मत आहे, आणि चारही पाहण्याच्या हट्टापायी मुलाचे हाल करणाऱ्या आईबापांविषयी मला सहानुभूती वाटत नाही.

‘इतक्या लहान वयात नेऊन त्याच्या लक्षात काय राहणार?’ हा आजोबांचा आक्षेप मात्र असा हातावेगळा करता येण्याजोगा नाही. कारण त्याच्या पोटी पैशाचा सवाल असला तरी त्याचे स्वरूप शास्त्रीय आहे, आणि योगायोग असा की शास्त्राने या प्रश्नाची तपासणी नेमकी डिस्ने वर्ल्डच्याच संदर्भात केलेली आहे. हॅमंड आणि फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आईवडिलांबरोबर डिस्ने वर्ल्ड पाहून आलेल्या ४८ मुलांच्या मुलाखती घेतल्या होत्या. सहलीच्या वेळी यांतली काही मुले जेमतेम तीन वर्षांची होती, काही चार वर्षांची. निम्म्यांना सहा महिन्यांनी विचारले, निम्म्यांना तब्बल अठरा महिन्यांनी. सर्वच मुलांनी पुष्कळ हकिकत सांगितली, ती बरोबरही होती, आणि दीड वर्ष लोटल्यामुळे आठवणींत म्हणावी तशी घट झालेली दिसली नाही. मोठ्या मुलांचे वर्णन अधिक तपशीलवार होते, हे अपेक्षितच. पण ज्या घरांत सहलीविषयी वारंवार बोलणे होत असे, त्या घरांतल्या मुलांना अधिक आठवत होते, ही या अभ्यासातली खरी मोलाची नोंद होय.

म्हणून आजोबांचा आक्षेप सर्वस्वी निराधार ठरतो असेही नाही. प्रौढ माणसाला आपल्या आयुष्यातली जी अगदी पहिली आठवण सांगता येते, ती सामान्यतः तिसऱ्या-चौथ्या वर्षातली असते. त्याआधीचे बहुतेक सारे पुसले गेलेले असते, आणि हे पुसणे मूल सात-आठ वर्षांचे होण्याच्या सुमारास जोराने सुरू होते, असे पुढील संशोधनातून दिसले आहे. म्हणजे चार वर्षांचे मूल पाचव्या-सहाव्या वर्षी सहलीची खडान्‌खडा हकिकत सांगेल, आणि पंचविसाव्या वर्षी त्याला कदाचित काहीच आठवणार नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. शिवाय जे आठवेल तेही सर्वस्वी विश्वासार्ह असेल असे नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रौढांना डिस्नेच्या उद्यानाची एक बनावट जाहिरात दाखवली, तीत बग्ज बनी हा ससा मुलांचे स्वागत करताना होता. आणि त्यानंतर त्यांतल्या काहींना लहानपणी आपण त्या सशाशी तिथे हस्तांदोलन केल्याचे ‘आठवू’ लागले. बग्ज बनी हे वॉर्नर ब्रदर्स या प्रतिस्पर्धी कंपनीचे पात्र. डिस्नेच्या हद्दीत त्याला पाऊल टाकण्याची मुभा नाही! घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी आणि पुनःपुन्हा पाहिलेली छायाचित्रे यांतून बालपणाची आठवण घडते, आणि प्रसंगी बिघडतेही. तरीही जो आनंद स्मरणात टिकणार नाही तो फुकट गेला, हे तत्त्व एकदा मान्य करायचे तर तिसऱ्या वर्षापर्यंत मांडीवर घेऊन भरवलेला मऊभातही बुडीत खात्यातच जमा करावा लागेल.

आता राइड्सविषयी. इतक्या लहान मुलाला तिथे कशातच बसू देत नाहीत, ही समजूत सर्वत्र आढळते, आणि ती उंचीच्या नियमाविषयीच्या अज्ञानातून आलेली आहे. मॅजिक किंगडममधील बहुसंख्य राइड्सना उंचीची अटच नाही: डंबो हत्ती, पीटर पॅनची उडती गलबते, जंगल क्रूझची नाव, उद्यानाभोवती फिरणारी आगगाडी, आणि १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी प्रथम उभारलेल्या ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ची फ्लोरिडातील आवृत्ती, या सर्वांत तान्ह्या बाळालाही मांडीवर घेऊन बसता येते. तिथला लाकडी घोड्यांचा मेरी-गो-राउंड तर १९१७ साली घडवलेला, म्हणजे खुद्द उद्यानाहून अर्ध्या शतकाहून अधिक जुना आहे; तो आधी डेट्रॉइटमध्ये, मग न्यू जर्सीत फिरत होता, आणि तिथून विकत घेऊन तो इथे आणण्यात आला. ज्यांना अट आहे त्यांची मापे वेगवेगळी आहेत. बार्नस्टॉर्मर या छोट्या रोलर कोस्टरला ३५ इंच, सात बुटक्यांच्या खाणगाडीला ३८ इंच, स्पेस माउंटनला ४४ इंच आणि ट्रॉनला ४८ इंच उंची लागते.

या अटीचा वयाशी किंवा धीटपणाशी काही संबंध नाही. वेगाने वळणाऱ्या व खाली कोसळणाऱ्या गाडीत माणसाला धरून ठेवतो तो मांडीवरचा किंवा खांद्यावरचा दांडा. तो विशिष्ट आकाराच्या देहासाठी बसवलेला असतो, आणि त्याहून लहान शरीर त्याच्या खालून निसटू शकते. खोपोलीच्या इमॅजिकातही राइडच्या तोंडाशी हीच मापपट्टी उभी असते, आणि तिथे काय, ऑर्लँडोत काय, ‘एवढ्या एका इंचाने काय बिघडते’ म्हणून हुज्जत घालणारा, किंवा लेकराला जाड तळाचे बूट चढवून आणणारा पालक आढळतोच. सेवक नकार देतो तो अंमल गाजवण्यासाठी नव्हे. घरूनच भिंतीशी उभे करून, अनवाणी, मूल मोजून निघावे, म्हणजे रांगेच्या शेवटी रडारड होत नाही.

मात्र याच नियमावरून उलट दिशेचा एक गैरसमज निघतो, तो अधिक त्रासदायक: ज्याला उंचीची अट नाही ते लहानांसाठी निर्धोक, म्हणून सौम्यही असणार. ‘हाँटेड मॅन्शन’ला उंचीची अट मुळीच नाही, पण तो अंधारा भुतांचा वाडा आहे. स्नो व्हाइटच्या गोष्टीवर डिस्नेलँडमध्ये १९५५ सालीच जी राइड उघडली, तीत बसणाऱ्यानेच स्वतःला स्नो व्हाइट समजावे अशी कल्पना असल्याने त्या राजकन्येची मूर्ती आत नव्हतीच, आणि चेटकीण मात्र वळणावळणावर पुढे येत असे. परीकथा म्हणून आत गेलेली मुले भेदरून बाहेर पडत. अखेर १९८३ मध्ये राजकन्या आत आली आणि राइडच्या नावात ‘भीतिदायक’ हे विशेषण आले, आणि २०२१ मध्ये सारेच सौम्य करून ते विशेषण काढून टाकण्यात आले. वेगापेक्षा अंधार आणि अकस्मात आवाज यांचे भय या वयाला जास्त असते, हे ध्यानी यायला खुद्द डिस्नेलाही बराच काळ लागला.

आणि मिकीला पाहून रडणारे मूल? त्याला भित्रे ठरवण्याची घाई होते. मुखवट्याआड माणूस आहे हे आपल्याला इतके उघड असते की, मुलाला ते दिसत नसेल अशी शंकाही आपल्याला येत नाही. रीटा डेव्ह्रीस यांनी १९६९ साली मेनार्ड नावाच्या एका शांत स्वभावाच्या मांजरावर कुत्र्याचा मुखवटा चढवून ते मांजर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना दाखवले. तीन वर्षांच्या मुलांपैकी अनेकांना मांजराचा खरोखरच कुत्रा झाला असे वाटले, आणि सहाव्या वर्षापर्यंत हा भ्रम बहुतेकांच्या मनातून गेला होता. पडद्यावर वीतभर दिसणारा उंदीर पुरुषभर उंचीचा होऊन हात पसरून अंगावर येतो, तेव्हा मुलाने आईच्या मागे दडावे हेच त्याच्या बुद्धीशी सुसंगत आहे. त्याला लांबून पाहू द्यावे. छायाचित्रासाठी पुढे ढकलू नये.

‘पैसे दिले आहेत तर दार उघडल्यापासून आतषबाजीपर्यंत थांबू’ हा हिशेब तिकिटाच्या दराने बरोबर, मुलाच्या झोपेच्या दराने साफ चुकीचा. वस्तुस्थिती अशी की रांगा सकाळी सर्वांत आखूड असतात आणि दुपारी फुगतात. म्हणून उघडण्याच्या वेळी दारात हजर राहून दुपारी परत फिरावे, मुलाला निजवावे, आणि जमल्यास संध्याकाळी पुन्हा यावे, ही तजवीज शहाणपणाची. यात एक मेख आहे. मॅजिक किंगडमच्या दारापर्यंत मोटार जात नाही. ती वाहनतळावर ठेवून, तळ्याला वळसा घालणारी मोनोरेल किंवा तळे ओलांडणारी फेरीबोट धरावी लागते, आणि या सोपस्कारातच अर्धा-पाऊण तास जातो. तेव्हा ‘सकाळी नऊ’ म्हणजे वाहनतळावर आठला. पाच वर्षांचे मूल चालते-फिरते झाले, आता त्याला बाबागाडी कशाला, हाही असाच घरातला हिशेब. मोठी माणसे तिथे दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर सहज चालतात. गाडी ३१ इंचांहून रुंद आणि ५२ इंचांहून लांब नसावी, असा नियम आहे. राइडबाहेर ठेवलेल्या गाड्या सेवक सरकवून नीट लावतात, त्यामुळे परत आल्यावर ती जागेवर नसली तर चोरीची तक्रार करण्यापूर्वी चार रांगा शोधाव्या. दांड्याला ठळक रंगाची चिंधी बांधलेली बरी.

मोसमाविषयी थोडक्यात. शाळेच्या सुट्टीचा जून-जुलै सोयीचा खरा, परंतु मध्य फ्लोरिडात तेव्हा दमट उकाडा असतो, दुपारी गडगडाटी सरी जवळजवळ रोजच्या, आणि वीज चमकू लागली की उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवतात. ज्याच्या मुलाला अजून शाळेचे बंधन नाही, त्याने ऐन सुट्टीत आणि नाताळच्या आठवड्यात का जावे, हे मला कळत नाही. सप्टेंबरात गर्दी ओसरते. वादळांचा अधिकृत मोसम नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो, एवढे मात्र गृहीत धरावे.

पैशाच्या बाबतीत आपल्याला एसटीने लावलेली अर्ध्या तिकिटाची सवय नडते. तीन वर्षांखालील मुलाला प्रवेश मोफत आहे. पण तीन ते नऊ वर्षांचे तिकीट मोठ्यांच्या तिकिटापेक्षा अगदी किंचित कमी असते, आणि दहाव्या वर्षापासून पूर्ण. जुन्या प्रवाशांनी सांगितलेली फास्टपासची सवलतही आता विसरावी. १९९९ पासून ती मोफत मिळत असे. २०२१ साली ती कायमची गेली, आणि लांब रांग चुकवायची तर लाइटनिंग लेनचे पैसे वेगळे मोजावे लागतात. उलट जिथे खर्च अटळ मानला जातो तिथे तो अटळ नाही: बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, हा अनुभव इतरत्र खरा असला तरी इथे दशम्या, लाडू, चिवडा, फळे बिनदिक्कत नेता येतात, काचेची भांडी आणि मद्य तेवढे वर्ज्य. प्रत्येक उद्यानात बालसंगोपन केंद्र असते, तिथे अंगावर पाजण्यासाठी आडोसा, दुपटे बदलण्याची सोय आणि बाळाचे अन्न कोमट करण्यास मायक्रोवेव्ह आहे. तिथवर पोहोचलेली आजी मग दुपारी उन्हात यायला तयार होत नाही, हा भाग निराळा.

राहता राहिला तो त्यागाचा गैरसमज. लहान मूल बरोबर असले की आईबापांपैकी एकाने दिवसभर बाकावर बसून काढायचा, असे धरूनच अनेकजण निघतात. गंमत अशी की मूळच्या डिस्नेलँडची कल्पना जन्माला आली ती अशाच एका बाकावर, असे वॉल्ट डिस्ने स्वतः सांगत: लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये डायन आणि शॅरन या आपल्या मुलींना मेरी-गो-राउंडवर बसवून आपण शेंगा खात नुसते बसून राहायचे, याचा त्यांना कंटाळा आला, आणि आईबाप व मुले यांनी बरोबरीने मजा करावी अशी जागा असायला हवी, असे त्यांच्या मनाने घेतले. त्याला अनुसरून डिस्ने वर्ल्डमध्येही मोठ्यांच्या राइड्सवर ‘रायडर स्विच’ नावाची व्यवस्था आहे. आधी एकाने रांग लावून राइड करायची, दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचे, आणि पहिला बाहेर आला की दुसऱ्याने पुन्हा लांबलचक रांगेत न उभे राहता आत जायचे. याला वेगळा आकार पडत नाही, पण ती आपणहून कोणी देऊ करीत नाही. सर्वांनी मिळून, मुलासकट, राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सेवकाकडे रांगेत शिरण्यापूर्वीच ती मागावी लागते.