मोटारीतील स्पीकर आणि दाराचे ध्वनिशास्त्र

घाटंजी-यवतमाळ रस्त्याने नित्य ये-जा करणारा एखादा मोटारधारक मूळ स्पीकर काढून महागडे स्पीकर बसवितो आणि तबल्याचा डग्गा पूर्वीपेक्षाही पोकळ ऐकू येतो, तेव्हा दोष स्पीकरला दिला जातो. तो बहुधा दाराचा असतो. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोर हवेचा दाब वाढतो, मागे तितकाच घटतो. 100 हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे 3.4 मीटर, त्यामुळे दाराच्या आतील पत्र्यातील मोठ्या छिद्रांतून मागील तरंग पुढे येऊन मिळतो आणि व्यतिकरणाने खर्जाचे स्वर क्षीण होतात. ही छिद्रे बुजविणे व स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावणे, हा खर्च नव्या स्पीकरच्या आधीचा होय. येथील उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो. डांबरी शीट त्या उष्णतेत मऊ होऊन सुटते, म्हणून ब्युटाइल रबराचीच घ्यावी. दाराच्या तळाची, पाणी निथळण्याची छिद्रे मात्र उघडीच ठेवावीत. अन्यथा पत्रा गंजतो. एका स्पीकरच्या धन-ऋण तारा उलट जोडल्या गेल्यास हेच व्यतिकरण दोन दारांमध्ये घडते. डेकवरील ‘50 वॅट’ हा क्षणिक कमाल आकडा असतो, सलग शक्ती साधारणतः 20 वॅटच्या आसपासच. त्यापलीकडे आवाज वाढविल्यास तरंगांचे माथे कापले जाऊन ध्वनी कर्कश होतो; तेथे स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरच लागतो.