होडी तरंगते, पण उलटत का नाही?

लाकडाचा ठोकळा पाण्यावर तरंगतो आणि लोखंडाचा खिळा बुडतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पुढे शाळेत आर्किमिडीजचे तत्त्व शिकल्यावर लोखंडाची अवजड बोट का तरंगते, याचाही उलगडा होतो. बोट जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर उचलून धरते. हे बल बोटीच्या एकूण वजनाइतके झाले, की बोट तरंगते. बहुतेकांची जिज्ञासा येथेच थांबते. परंतु बोटीत बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा प्रश्न याच्या पुढचा आहे. तरंगणारी बोट सरळ का राहते? आणि काही वेळा, बोटीत पाण्याचा थेंबही शिरलेला नसताना, ती एकाएकी कलंडते ती का?

धडगावची पाण्यावरची वाट

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण धडगाव. सातपुड्याच्या डोंगररांगांमध्ये वसलेल्या या तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. सरदार सरोवर धरण होण्यापूर्वी येथील नर्मदा खडकांतून वाट काढीत धावणारी नदी होती. धरणाची उंची वाढत गेली तसे पाणी दऱ्यांमध्ये शिरले. अक्राणी व अक्कलकुवा या दोन तालुक्यांतील मिळून ३३ गावे बुडिताखाली आली. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. भरलेल्या या जलाशयाची लांबी दोनशे किलोमीटरांहून अधिक असून धरणाजवळ त्याची खोली शंभर मीटरांपेक्षा जास्त आहे.

नदीचा असा संथ तलाव झाल्यावर जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्या आणि काठच्या पाड्यांसाठी पाणी हाच रस्ता झाला. बाजारहाट, धान्य, आजारी माणूस, लग्नाचे वऱ्हाड, सारे बोटीने जाऊ लागले. आरोग्य खात्याचा तरंगता दवाखानाही याच पाण्यावर फिरतो; तेथील लोक त्याला ‘बार्ज’ म्हणतात. २०२० साली या जिल्ह्यातील एक अंगणवाडी सेविका बालकांना आहार पोचवण्यासाठी स्वतः होडी वल्हवीत जात असे, ही बातमी देशभर वाचली गेली.

याच पाण्यावर १५ जानेवारी २०१९ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, भूषा येथे नर्मदेच्या पूजेसाठी निघालेल्या लोकांची बोट उलटली. बोटीत फार गर्दी होती. अनेकांना वाचवण्यात यश आले, परंतु काही जण दगावले आणि त्यांत लहान मुलेही होती. म्हणून आपला प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

कोळशाच्या बोटी का उलटत नसत?

संथ पाण्याचा रस्ता म्हणून उपयोग करण्याची कल्पना जुनीच आहे. आगगाडी येण्यापूर्वी इंग्लंडमध्ये मालवाहतुकीसाठी कालवे खोदले गेले. मँचेस्टर शहराला कोळसा पुरवणारा ब्रिजवॉटर कालवा १७६१ साली सुरू झाला आणि त्यानंतर देशभर कालव्यांचे जाळे पसरले. त्यांतील बऱ्याच कालव्यांवर चालणाऱ्या बोटी सुमारे २१ मीटर लांब आणि अवघ्या २.१ मीटर रुंद असत. काठावरच्या पायवाटेने एक घोडा चाले आणि दोराने बोट ओढी. त्या काळच्या खडबडीत रस्त्यावर एका घोड्याला एक-दोन टन ओझे ओढतानाही धाप लागे; तोच घोडा कालव्यातून पंचवीस टन कोळसा नेत असे. संथ पाण्यात सावकाश जाणाऱ्या बोटीला विरोध फारच थोडा होतो, हे त्याचे कारण. नावाड्याचे सारे कुटुंब बोटीच्या मागच्या टोकाला असलेल्या चिमुकल्या खोलीत संसार करी. त्या प्रवासाच्या आठवणी तिकडचे लोक आजही हौसेने सांगतात. त्यांवर पुस्तके निघाली, दूरचित्रवाणीवर कार्यक्रम झाले.

या बोटी इतक्या अरुंद होत्या, तरी पंचवीस टन ओझ्याने उलटत नसत. याचे कारण असे, की सारा कोळसा बोटीच्या तळाशी पसरलेला असे आणि कोळसा प्रवासात जागचा हलत नाही. माणसांचे तसे नसते. ती फळीवर बसतात, उभी राहतात, वाकून पाहतात आणि घाबरली की सगळी मिळून एकाच बाजूला धावतात. वजन किती आहे याइतकेच ते किती उंचीवर आहे आणि कोठे सरकते आहे, याला महत्त्व असते.

तीन बिंदू

बोटीचे सरळ राहणे समजण्यासाठी तीन बिंदू ध्यानात घ्यावे लागतात.

पहिला बिंदू गुरुत्वमध्य. बोट, माणसे आणि सामान यांचे सारे वजन या एका बिंदूतून खाली ओढते असे मानता येते. ओझे तळाशी असेल तर हा बिंदू खाली असतो. माणसे उभी राहिली की तो वर चढतो.

दुसरा बिंदू प्लावनमध्य. पाणी बोटीला वर उचलते ते या बिंदूतून. बोटीचा जेवढा भाग पाण्यात बुडलेला असतो, त्या भागाच्या मध्यावर हा बिंदू असतो. बोट सरळ असताना हे दोन्ही बिंदू एकाच उभ्या रेषेत असतात. आता बोट थोडी डावीकडे कलली असे समजा. डावी बाजू पाण्यात अधिक बुडते आणि उजवी वर उचलली जाते. बुडलेल्या भागाचा आकार बदलल्यामुळे प्लावनमध्यही डावीकडे सरकतो.

या नव्या जागेतून सरळ वर रेषा काढली, तर ती बोटीच्या मधल्या रेषेला एका ठिकाणी छेदते. हा तिसरा बिंदू. पिएर बुगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ साली जहाजांवरील आपल्या ग्रंथात या बिंदूला ‘मेटासेंटर’ हे नाव दिले.

नियम सोपा आहे. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या खाली असेल, तर बोट कलली असता वजन आणि पाण्याचे बल ही दोन्ही मिळून तिला पुन्हा सरळ करतात. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या वर गेला, की तीच दोन बले बोटीला आणखी कलवतात. तरंगण्यासाठी लागणारे बल दोन्ही वेळा तितकेच असते. म्हणजे तरंगणे आणि सरळ राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

थोडे गणित

चौकोनी पेटीच्या आकाराच्या बोटीसाठी मेटासेंटर काढण्याचे सूत्र असे आहे:

प्लावनमध्यापासून मेटासेंटरची उंची = (रुंदी × रुंदी) ÷ (१२ × बुडालेली खोली)

सोयीसाठी एक काल्पनिक बोट घेऊ. लांबी ८ मीटर, रुंदी १.५ मीटर, काठाची उंची ०.८ मीटर, रिकाम्या बोटीचे वजन १.२ टन आणि तिचा गुरुत्वमध्य तळापासून ०.४ मीटरवर. तिच्या तळाचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर आहे. म्हणून दर १.२ टन वजनाला ती १० सेंटिमीटर बुडते. माणसाचे सरासरी वजन ६० किलो धरू. फळीवर बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य बोटीच्या तळापासून ०.८ मीटर, तर उभ्या माणसाचा १.१ मीटर उंचीवर असतो असे मानू.

(१) वीस माणसे बसलेली. एकूण वजन २.४ टन, बुडालेली खोली ०.२ मीटर. प्लावनमध्य तळापासून ०.१ मीटरवर आणि त्याच्यावर ०.९४ मीटरवर मेटासेंटर, म्हणजे तळापासून १.०४ मीटर. सर्वांचा मिळून गुरुत्वमध्य ०.६ मीटरवर येतो. तो मेटासेंटरच्या ४४ सेंटिमीटर खाली आहे. बोट सुरक्षित आहे.

(२) चाळीस माणसे बसलेली. एकूण वजन ३.६ टन, बुडालेली खोली ०.३ मीटर. सूत्राप्रमाणे मेटासेंटर आता तळापासून सुमारे ०.७८ मीटरवर उतरले आणि गुरुत्वमध्य ०.६७ मीटरपर्यंत चढला. अंतर उरले जेमतेम ११ सेंटिमीटर.

(३) तीच चाळीस माणसे उभी राहिली. वजन तेच, बुडालेली खोली तीच, म्हणून मेटासेंटरही तेथेच. पण गुरुत्वमध्य ०.८७ मीटरवर गेला, म्हणजे मेटासेंटरच्या वर! आता ही बोट सरळ राहूच शकत नाही. ती कोणत्या तरी बाजूला झपकन कलते, माणसे त्याच बाजूला घसरतात आणि काठावरून पाणी आत येते.

या उदाहरणात बोटीचा काठ पाण्याच्या वर पूर्ण अर्धा मीटर होता, हे विसरू नका. ‘काठ अजून इतका वर आहे, आणखी चार जण बसू द्या’, असे आपण सहज म्हणतो. काठ पाहून बोट किती बुडाली हे कळते. ती उलटण्याच्या किती जवळ आली हे कळत नाही. ओझे वाढले की मेटासेंटर खाली येते आणि गुरुत्वमध्य वर चढतो. धोका असा दोन्हीकडून वाढतो.

माणसे सरकल्याचा परिणामही काढता येतो. पाच जण अर्धा मीटर एका बाजूला सरकले, तर वीस जणांची बोट सुमारे ८ अंश कलते. बसलेल्या चाळीस जणांची बोट मात्र सुमारे १७ अंश कलते. इतक्या कललेल्या फळीवर इतर माणसे जागेवर बसून राहणे कठीणच.

घरी करून पाहा

परातीत किंवा बादलीत पाणी घ्या आणि जेवणाचा चौकोनी रिकामा डबा त्यात सोडा. दहा-बारा खडे डब्याच्या तळाशी पसरा. डब्याला बोटाने हलकेच कलवून सोडा. तो डुलून पुन्हा सरळ होईल. आता तेच खडे एका उंच, अरुंद पेल्यात भरा, पेला डब्याच्या मधोमध पालथ्या वाटीवर ठेवा आणि पुन्हा कलवून पाहा. पेला व वाटी यांचे वजन सारखे राहावे म्हणून पहिल्या वेळी ती दोन्ही डब्यात आडवी ठेवावीत. वजन तेच असूनही डबा या खेपेस कलंडण्याची शक्यता किती वाढते, ते दिसेल.

दुसरा प्रयोग. खडे काढून डब्यात दोन बोटे पाणी ओता आणि डबा कलवा. आतले पाणी लगेच खालच्या बाजूला धावते व डब्याला आणखी कलवते. बोटीच्या तळाशी साचलेले पाणी उपसून टाकणारा नावाडी नुसते ओझे कमी करीत नसतो. तो हे धावणारे वजन बाहेर टाकीत असतो.

इतिहासातील दोन घटना

२४ जुलै १९१५ रोजी अमेरिकेत शिकागो येथे ‘ईस्टलँड’ नावाची आगबोट नदीच्या धक्क्याला बांधलेल्या स्थितीतच कुशीवर पडली. वादळ नव्हते, बोटीला भोकही पडले नव्हते. सहलीला निघालेले सुमारे अडीच हजार लोक तीत चढले होते. १९१२ साली टायटॅनिक बुडाल्यानंतर सुरक्षिततेसाठी जीवरक्षक नौकांची संख्या वाढवण्यात आली होती. ते जादा वजन ईस्टलँडच्या वरच्या भागात आले आणि आधीच डळमळीत असलेली बोट आणखी अस्थिर झाली. काठापासून हाकेच्या अंतरावर ८४४ माणसे मृत्युमुखी पडली.

दुसरी घटना आपल्या देशातली. केरळातील तेक्कडी येथे, मुल्लपेरियार धरणाच्या जलाशयात, ३० सप्टेंबर २००९ रोजी ‘जलकन्यका’ ही दुमजली बोट उलटून ४५ जण दगावले. काठावरचे प्राणी पाहण्यासाठी उतारू एका बाजूला गेले होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. नर्मदेप्रमाणेच तेही धरणाचे संथ पाणी होते. पाणी संथ आहे म्हणून बोट सुरक्षित आहे, असे म्हणता येत नाही.

मग काय करावे?

यातून निघणारे नियम साधे आहेत. जड सामान बोटीच्या तळाशी आणि मधोमध ठेवावे. प्रवासात उभे राहू नये. बोट काठाला लागताना तर मुळीच नाही, कारण सगळे एकदम उठतात ती हीच वेळ. बोट कलली तर दुसऱ्या बाजूला धावण्याऐवजी आहे त्या जागी खाली बसावे. त्यामुळे गुरुत्वमध्य लगेच उतरतो. तळातले पाणी उपसत राहावे. जीवरक्षक जाकीट बोटीत ठेवून उपयोगाचे नाही, ते अंगात घातलेले असावे.

ओझ्याची मर्यादा बोटीवरच लिहिण्याची पद्धतही जुनी आहे. सॅम्युएल प्लिमसॉल यांच्या प्रयत्नांमुळे १८७६ साली ब्रिटनमध्ये जहाजांच्या बाजूवर भाररेषा रंगवणे कायद्याने आवश्यक झाले. आपल्याकडे यंत्राने चालणाऱ्या नद्या-जलाशयांतील बोटींसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२१ साली नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात बोटींची तपासणी व नोंदणी यांची तरतूद आहे.

जलाशयाजवळच्या शाळांतील विद्यार्थ्यांनी गुरुजींच्या मदतीने एक उपक्रम जरूर करावा. बोट काठाला बांधलेली असताना तिची लांबी, रुंदी आणि काठाची उंची मोजावी. रिकामी बोट किती बुडते आणि दहा मुले बसल्यावर किती बुडते, हे पट्टीने पाहावे. मग वर्गात येऊन वरील गणित त्या आकड्यांनी पुन्हा सोडवावे. खरी बोट पेटीसारखी चौकोनी नसते, म्हणून उत्तर अंदाजे येईल आणि बोटीची अधिकृत मर्यादा तपासणी अधिकाऱ्यानेच ठरवायची असते. परंतु विसाव्या माणसानंतर आणि चाळिसाव्या माणसानंतर मेटासेंटर कोठे येते, हे स्वतः काढून पाहिलेले मूल गर्दीच्या बोटीत पाय ठेवण्यापूर्वी माणसे मोजील आणि घरच्यांनाही मोजायला लावील.