चिमणी तीच, भागधारक निराळे

डहाणूच्या खाडीकाठच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी सुमारे 275 मीटर उंच आहे. प्रत्येकी 250 मेगावॅटचे दोन संच इथे 1995 च्या सुमारास सुरू झाले आणि तेव्हापासून ही वीज मुंबईची उपनगरे उजळते आहे. शेअर म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला दलाल स्ट्रीट गाठायची गरज नाही. या चिमणीची मालकी कुठून कुठे गेली, एवढे पाहिले तरी बरेच उमगते.

केंद्र उभारले बीएसईएसने. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवण्यासाठी 1929 मध्ये स्थापन झालेली ही कंपनी पुढे रिलायन्सकडे गेली. 2004 मध्ये ती रिलायन्स एनर्जी झाली, 2008 मध्ये रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर. नाव बदलले तरी कंपनी तीच असल्याने बीएसईएसचा भागधारक न विकता, न घेता नव्या नावाचा भागधारक झाला. जानेवारी 2008 मध्ये त्याच्या एका शेअरचा भाव 2,500 रुपयांच्या वर होता. मार्च 2020 मध्ये तोच 15 रुपयांच्याही खाली आला.

मधल्या काळात केंद्र काही बंद पडले नव्हते. मग घडले काय?

उत्तर झाईच्या किंवा डहाणूच्या बंदरावर सापडेल. बोट किनाऱ्याला लागली, मासळी विकली गेली की आधी डिझेल, बर्फ आणि शिधा यांचे पैसे वजा होतात. उरेल त्याचे वाटे पडतात. मासळी भरपूर मिळाली आणि उधारीही तेवढीच असली, तर वाट्याला फारसे काही येत नाही. कंपनीतही हेच चालते. कोळसा, पगार, बँकेचे व्याज, सरकारचा कर, सगळे भागले की जे उरते त्यावर भागधारकाचा हक्क. त्यातून काही रक्कम लाभांश म्हणून हातात येते, बाकीची धंद्यातच राहते. कंपनी बुडाली तर रांगेत सर्वांत शेवटी उभा असतो तो भागधारकच. मात्र त्याने घातलेल्या पैशापलीकडे त्याच्या घरादाराला कोणी हात लावू शकत नाही.

खर्च कायद्यानेही वाढतो. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि 1996 मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्यावर देखरेख ठेवणारे प्राधिकरण आले. प्राधिकरणाच्या आग्रहामुळे धुरातला गंधक काढणारी यंत्रणा केंद्रात 2007 मध्ये बसली. चिकूच्या वाड्यांसाठी ती हवीच होती. भागधारकाने मात्र असा खर्च हिशेबात धरलेला बरा.

ऑगस्ट 2018 मध्ये मुंबईचा वीजव्यवसाय डहाणू केंद्रासह अदानी ट्रान्समिशनकडे गेला. व्यवहार 18,800 कोटी रुपयांचा होता. एवढी रक्कम आली म्हणून रिलायन्स इन्फ्राच्या भागधारकांमध्ये ती वाटली गेली नाही. कंपनीच्या डोक्यावरचे कर्ज फेडणे आधी होते. भाव का कोसळला, याचे मोठे कारण या कर्जाच्या डोंगरात आहे. ज्याने केवळ चिमणीकडे पाहून शेअर घेतला, त्याला हा डोंगर दिसलाच नाही.

नव्या मालकाच्या शेअरची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. सप्टेंबर 2022 मध्ये अदानी ट्रान्समिशनचा भाव 4,000 रुपयांच्या वर होता. फेब्रुवारी 2023 संपता संपता तो हजाराच्या खाली उतरला. सहा महिन्यांत डहाणूचे दोन्ही संच जागचे हलले नव्हते. हलला होता तो लोकांचा अंदाज. भाव म्हणजे पुढे काय मिळेल याबद्दलचा अंदाज आणि तो रोज बदलतो. म्हणून मुलीच्या लग्नाचे किंवा पुढच्या पावसाळ्याच्या खताचे पैसे शेअरमध्ये घालणे धोक्याचेच. चिकूचे कलम लावणारा बागायतदार पहिली काही वर्षे फळाची घाई करत नाही. तेवढी वर्षे थांबता येईल, असाच पैसा इथे आणावा. तोही एकाच कंपनीत नको.

सुरुवात अवघड नाही. पॅन, बँक खाते आणि शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे नोंदणी असलेल्या दलालाकडे उघडलेली ट्रेडिंग व डीमॅट खाती एवढे पुरते. 1996 पासून शेअर कागदाऐवजी डीमॅट खात्यात नोंदले जाऊ लागले. आता विकत घेतलेला शेअर व्यवहारानंतरच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी खात्यात येतो. खाते उघडतानाच नॉमिनीचे नाव नोंदवावे. ओटीपी कोणालाही सांगू नये, अगदी खाते उघडून देणाऱ्या ओळखीच्या मुलालाही.

त्याच ट्रेडिंग खात्यातून फ्युचर्स-ऑप्शन्सचा, म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांचाही दरवाजा उघडतो. तो बंदच ठेवावा. आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या तीन वर्षांत तिथे उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला, असे सेबीच्याच सप्टेंबर 2024 च्या अहवालात आहे. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक.

आता डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराचे काम आले आहे. मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि तो समजून घेण्याजोगा आहे. भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी झाले, खर्चाचा अंदाज 76,220 कोटी. एवढा आकडा ऐकला की ‘बंदराचे शेअर’ हा शब्द गावात फिरायला वेळ लागत नाही. तेव्हा डहाणू-तलासरीच्या वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे: बंदर उभारणाऱ्या कंपनीत 74 टक्के वाटा जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आणि 26 टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा आहे. बाजारात विकायला त्यातला एकही शेअर आलेला नाही. कोणी तो विकायला दारात आला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.